पक्क्या भिंतीची खोली

घटसर्प म्हणजे काय, असं आताच्या तरुण आयांना विचारलं तर निम्म्या जणी घाबरून पलंगाखाली बघतील. बरंच आहे. लहानपणी लस टोचली की विषय संपला, आणि तो तसाच संपलेला राहो. आमच्या वेळी हा रोग घशात येऊन बसायचा आणि आतून दार लावून घ्यायचा. मला तो झाला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते आणि आम्ही कामगारांच्या कॅम्पात पत्र्याच्या घरात राहत होतो.

रोगाविषयी शहाणपण सांगायला मी काही डॉक्टर नाही. मला लिहायचंय ते बाहेर थांबणाऱ्या माणसाविषयी. मध्यंतरी आमच्या शेजारच्या एका मुलीचं बाळ दवाखान्यात काचेआड ठेवलं होतं. ती बाहेर बाकावर बसून होती. मी शेजारी जाऊन बसले, पण तिला काय सांगावं ते सुचेना. "होईल सगळं नीट" असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. सगळ्यांचं नीट होत नाही, हे आमच्या घराइतकं कुणाला ठाऊक असणार? घरी आले आणि आईची आठवण इतकी दाटून आली की लिहायलाच बसले.

कराचीची मराठी बाई

माझी आई कराचीची. कॅम्पात हे कुणाला पटायचंच नाही. आमच्या शेजारी काशीमावशी राहायची, भंडाऱ्याकडची. तिचा नवरा कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलणारा मजूर, होता. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाई, तुम्ही सिंधी का?"

"नाही हो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे."

"मंग कराचीले कावून गेल्या होत्या?"

"सासरे गोदीत नोकरीला गेले, ते तिथेच राहिले. आमची शाळा मराठी, आमचा गणपती होता, सगळं होतं."

"अन् इतकं सगळं होतं तं मंग परत कावून आल्या?"

यावर आईने फक्त तिच्याकडे पाहिलं. काशीमावशी जिभेची तिखट, पण मनाची समजूतदार. तो प्रश्न तिने पुन्हा कधी काढला नाही.

माझे वडील तिकडेच न्यूमोनियाने गेले होते, फाळणीच्या आदल्या वर्षी. त्यामुळे बोटीवर चढताना आई एकटी होती. कडेवर मी, हाताला ताई. मुंबईला उतरल्यावर निर्वासितांच्या छावणीत काही महिने, मग दुर्गला मामाकडे. मामा रेल्वेत होता. त्याच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आई शिवणकाम शिकली. भिलाईला कारखाना उभा राहायला लागला, दुनियाभरची माणसं येऊन पडली, तेव्हा आईने शिवणाचं मशीन उचललं, मला उचललं आणि मामाला सांगितलं, "भावाच्या घरात पाहुणी म्हणून म्हातारी व्हायचं नाही मला."

कॅम्पात तिने पत्र्याच्या खोलीला दुकान केलं. साऱ्या प्रांतांच्या बायका यायच्या. तेलुगू, बंगाली, पंजाबी, आणि कधी जीपमधून कारखाना उभारायला आलेल्या रशियनांच्या बाया, हातवाऱ्यांनी माप सांगणाऱ्या. एकीने खांद्यापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवला, आईने मान डोलावली आणि तिला झकास फ्रॉक शिवून दिला. बाईला हवा होता ड्रेसिंग गाऊन. पण ती तो फ्रॉक घालून खूश होऊन गेली. असा सगळा आमचा कारभार. संध्याकाळी भट्टीकडचं आकाश तांबडं व्हायचं, भोंगा वाजला की पाळीवरून येणाऱ्या माणसांनी रस्ता भरून जायचा, आणि आमच्या खोलीत मशीन चालू असायचं. मला वाटायचं, सगळ्यांची आयुष्यं अशीच असतात. एका बाईने पायाखालची जमीन गेल्यावर नुसत्या हातांनी हे सगळं उभं केलंय, हे कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

घरातली तिसरी

घरात आम्ही दोघी होतो, पण कधीच दोघी नव्हतो.

ताईचं नाव शालू. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला ती आठवत नाही, कारण ती गेली तेव्हा मी अंगावर पीत होते. गेली असं मी लिहितेय. आई तसं कधी म्हणायची नाही. ती म्हणायची, "शालूला नेलं." वर्षश्राद्धाला वडिलांचं पान वाढायची, ताईचं कधी वाढलं नाही. मशीन चालवता चालवता मध्येच हाताने चाक थांबवायची आणि दाराकडे बघायची. कुणी हाक मारलेली नसायची.

ताईच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी डूल ओढला जाऊन फाटली होती. दुर्ग स्टेशनवर उतरलं की आई प्रत्येक मुलीच्या कानाकडे बघायची. आधी लहान मुलींच्या, मग वर्षं गेली तशी मोठ्या मुलींच्या. ताई कुठेतरी माझ्याबरोबर वाढत होती. मीही कानच बघायला शिकले. शाळेत नवी मुलगी आली की मी आधी तिचा डावा कान बघत असे. माझ्या मैत्रिणींना वाटायचं मला डुलांचं वेड आहे.

नेलं म्हणजे काय झालं, ते आईने मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, कोथिंबिरीचा भाव सांगावा तशा आवाजात.

कराचीच्या बंदरावर बोलवा होती की तापलेलं मूल बोटीवर चढू देत नाहीत. माझं अंग तेव्हा तापलं होतं. आईने ओला फडका माझ्या दोन्ही काखांत धरून ठेवला आणि आमची पाळी आली तेव्हा काढून घेतला. तपासणाऱ्याने हात लावला, मी गार. आम्ही चढलो. पुढे छावणीत ताईला गोवर निघाला. तिथे मात्र आईने काही लपवलं नाही. तिथे आपलीच माणसं होती. तिने स्वतः जाऊन सांगितलं, पोरगी तापाने फणफणलीय. त्यांनी ताईला आजाऱ्यांच्या तंबूत नेलं आणि आईला म्हणाले, लहान बाळ आहे तुमच्याजवळ, तुम्ही आत येऊ नका, सकाळी या.

आई सकाळी गेली तर तिथे तंबू नव्हता. खुंट्यांची भोकं होती आणि ओला चुना टाकलेला होता. कुणी म्हणालं, साथ वाढली म्हणून तंबू पलीकडे हलवला. पलीकडे गेली तर ते म्हणाले, काही जणांना शहरात नेलं. मला कडेवर घेऊन ती फिरत राहिली. तिला कुणी काही वाईट केलं नाही. त्या गर्दीत कुणाला काही माहीतच नव्हतं.

लपवलं ती मुलगी वाचली. सांगितलं ती मुलगी गेली. आईने यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

काताचा विडा

त्या हिवाळ्यात कॅम्पात मुलांचे घसे धरू लागले. पलीकडच्या रांगेतलं एक मूल दगावलं. मग दवाखान्याची माणसं घरोघर फिरून मुलांचे घसे बघू लागली. टॉर्च मारायचे, थर्मामीटर लावायचे आणि ज्याच्या घशात पांढरं दिसेल त्याला जीपमध्ये घालून न्यायचे.

मला दोन दिवस गिळताना दुखत होतं. आईला सांगितलं, "आई, मले गिळता नाही येऊन राहिलं."

एरवी ती "मले" ऐकलं की दुरुस्त करायची. त्या दिवशी तिने दार लावून घेतलं. मला उजेडात आणून तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर भीती नव्हती. जुनं काम पुन्हा अंगावर पडल्यावर माणूस जसा कंबर कसतो, तसं काहीतरी होतं.

तिने फडका ओला केला. "काखेत धर. दंड घट्ट दाब. ते आले की मी खूण करीन, मग काढायचा आणि पुसायचं. उभी राहा. भिंतीला टेकायचं नाही. नाव विचारलं तर मोठ्याने सांगायचं." आणि मग काशीमावशीच्या डब्यातून विडा आणून, भरपूर कात लावून मला चघळायला दिला. तोंड आतपर्यंत लाल झालं की पांढरं काय दिसणार?

माणूस आला. थर्मामीटर बघून मान हलवली. टॉर्च मारला आणि हसला, "इत्ती सी लड़की पान खाती है?"

आईसुद्धा हसली. "हो ना, वाईट सवय लागलीय हिला."

तो गेला. आईने माझा मुका घेतला. आपण बोटीवर चढलो, असं तिला वाटलं असणार. आणि मलाही, खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं. घशात तोवर करकचून गाठ बसायला लागली होती, तरीही.

इथे मी तिची बाजू घेणार नाही आणि तिला दोषही देणार नाही. लपवू नका, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे. दोन दिवस आधी औषध मिळालं असतं तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं. पण जिला सरकारी माणूस दारात दिसला की अंगणात खुंट्यांची भोकं दिसतात, तिला हे कसं सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

"कल सुबह आना"

दुसऱ्या दिवशी माझी मान सुजली. आवाज नाकातून यायला लागला. पाणी प्यायला गेले तर ते नाकातून परत आलं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज व्हायचा आणि त्याची मलाच भीती वाटायची. आई मला मांडीवर घेऊन बसली होती, दाराला कडी घालून. बाहेरून काशीमावशी दार ठोकत होती.

"बाई, दार उघडा. पोट्टीचा आवाज माह्या घरात ऐकू येऊन राहिला."

आईने मला आणखी जवळ ओढलं.

"उघडता का पत्रा काढू?"

तिने खरंच पत्रा काढला असता. आईने कडी काढली. मावशीने मला पाहिलं, तोंडाचा वास घेतला आणि धावत सुटली. थोड्या वेळाने दवाखान्याची जीप आली.

दवाखाना म्हणजे तेव्हा निम्मा तंबूत आणि निम्मा नव्या इमारतींत होता. जीप आत शिरली आणि रांगेने उभे केलेले तंबू दिसले. माझ्या दंडावरची आईची पकड आवळली. नखं रुतली. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, बंगाली असावेत. माझा घसा बघताच त्यांनी घाईने काहीतरी इंग्रजीत सांगितलं. एका माणसाने मला उचलायला हात पुढे केले आणि आईला अगदी मायेने म्हणाला, "आप घर जाइए माताजी. कल सुबह आना."

ते शब्द कानावर पडले मात्र, आई मला घेऊन मागे सरकली. जीपला पाठ लावून उभी राहिली. ती ओरडली नाही. नुसती मान हलवत होती, नाही, नाही, नाही.

डॉक्टर म्हणाले, लड़की की साँस बंद हो रही है. त्यांनी हे दोनदा सांगितलं. आईला ते कळत होतं. पण तिचे हातच सुटत नव्हते.

काशीमावशीने मग तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि जीभ होती तशीच तिखट. "बाई, पोरीचा जीव जाऊन राहिला अन् तुम्ही धरून कावून बसल्या? द्या तिले! मेली तं हातात काय ठेवान?"

आईने विचारलं, "कुठे ठेवणार? तंबूत?"

कुणाला काही कळेना. तंबूला एवढं काय घाबरायचं? डॉक्टरांनी बोट दाखवलं. तंबूंच्या मागे विटांची एक नवी लांब खोली होती, गिलावा अजून ओला. आई मला घेऊनच तिकडे गेली. दाराशी थांबली आणि तळहाताने भिंतीवर थाप मारली. एकदा, मग खाली वाकून जोत्यावर एकदा. ओल्या चुन्याचा वास येत होता. छावणीतल्या त्या जागेवरही तोच वास असणार, हे माझ्या पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं. पण ही भिंत होती. पायातून वर आलेली. रातोरात उचलून कुठे नेता न येणारी.

"ही हलत नाही ना?" तिने डॉक्टरांना मराठीत विचारलं.

त्यांना मराठी येत नव्हतं. तरी ते काय समजायचं ते समजले. तेही त्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "पक्का है, माँ. यहीं रहेगी."

आणि आईने मला सोडलं.

तिच्या हातातून माझा हात सुटला तो क्षण मला स्वच्छ आठवतो. बोटीवर चढलेल्या, उपाशी राहिलेल्या, मशीन चालवून मला शिकवणाऱ्या आईची मी ऋणी आहेच. पण सगळ्यात जास्त ऋणी आहे ती त्या एका क्षणासाठी. मला धरून ठेवणं तिला सोपं होतं. जग जिथे एकदा तिचं मूल घेऊन गेलं आणि परत द्यायला विसरलं, त्याच जगाच्या हातात तिने दुसरं मूल दिलं. यापेक्षा अवघड काम तिने आयुष्यात केलं असेल असं मला वाटत नाही.

आत

इंजेक्शनं दिली. मोठी, मांडीत. त्यानंतर तुम्हाला वाटेल रडारड, पण आतलं आयुष्य म्हणजे मुख्यतः पडून राहणं. घटसर्पाचं विष हृदयाला लागतं म्हणून उशीसुद्धा काढून घेतली होती. उठायचं नाही, बसायचं नाही, हसायचं नाही. हसायचं नाही हे सांगण्याची त्यांना काय गरज वाटली कोण जाणे.

सकाळी फिनाईलचा वास, मग थर्मामीटर, मग डॉक्टर, मग छताकडे बघणं. छतावर गिलाव्याचे डाग होते, त्यांत मी नद्या शोधत असे. आम्ही तिथे पाच-सहा मुलं होतो. कोण कुणाचं, काही माहीत नाही. एका सकाळी कोपऱ्यातली खाट रिकामी दिसली आणि तिच्यावरची गादी उन्हात टाकलेली.

माझ्या समोरची खाट पहिल्यापासून रिकामी होती. ताप चढला की त्या खाटेवर एक मुलगी येऊन बसायची. पाय खाली सोडून, माझ्याकडे पाठ करून. मला ती कोण हे लगेच कळलं. मी तिचा डावा कान बघायचा प्रयत्न करायची, पण केस मोकळे असायचे. मला तिची भीती वाटली नाही. उलट वाटलं, म्हणजे नेलेली मुलं इथे येतात. इतकी वर्षं आई उगाच स्टेशनवर शोधत राहिली. एकदा मी तिला विचारलंसुद्धा, "तू घरी कावून नाही आली?" तिने खांदे थोडेसे हलवले, थंडी वाजल्यासारखे. ताप उतरला की खाट रिकामी असायची, चादरीला एक सुरकुतीही नसायची.

डॉक्टरांना विचारलं तर ते विषाचा परिणाम म्हणतील. मी वाद घालणार नाही. आईला मात्र मी हे कधीच सांगितलं नाही.

मला तिथे जगवलं औषधाने, आणि बिसाहिन दाईने. दाई म्हणजे वॉर्डातली आया, जवळच्याच खेड्यातली छत्तीसगढी बाई. हाताला गोंदण, पायात जाड तोडे. माझा घसा लुळा पडला होता. पाणी दिलं की नाकातून येई, आणि तहान तर अशी की जीव कासावीस व्हावा. दाई कापूस पाण्यात बुडवायची आणि माझ्या ओठांवरून हळूहळू फिरवायची. मग जिभेवर पिळायची, थेंबभर. "ले नोनी, थोरकिन," म्हणजे घे पोरी, थोडंसं. भाताची दाट पेज चमच्याने भरवायची, ती नाकात चढत नसे. खाटेखाटेवर फिरून सगळ्यांचे ओठ ओले करायची. काही मुलांना ती गाणी म्हणायची. माझ्याशी गप्पा मारायची, मला उत्तर देता येत नसे तरी. हात लांब करून भट्टीकडे दाखवत म्हणाली, "मोर गांव ओती रहिस." तिचं गाव तिथे होतं, जिथे आता भट्टी आहे. हे सांगताना ती हसली. कशाला हसली, ते तेव्हा कळलं नव्हतं.

जाळीबाहेर

आई घरी गेलीच नाही, असं काशीमावशी सांगायची. ते काही खरं नाही. रात्री मावशी तिला ओढून न्यायची. पण उजाडलं की ती जाळीच्या खिडकीबाहेर हजर. तिथे नुकतंच लावलेलं कडुनिंबाचं रोप होतं, त्याच्या कुंपणाला टेकून बसायची, मांडीवर शिवणाचं काम घेऊन. ब्लाउजना हुकं लावायची, काजं करायची. लोकांना ती दवाखान्याचीच शिंपीण वाटायला लागली. एका वॉर्डबॉयने म्हणे तिच्याकडून शर्टाचं बटण लावून घेतलं.

मी मान वळवली की मला तिचं डोकं दिसायचं. दर थोड्या वेळाने ते उठायचं, जाळीशी यायचं, मला बघायचं आणि पुन्हा खाली जायचं. हात लावता येत नव्हता. बोलता येत नव्हतं. मी आहे का, एवढंच ती बघून घ्यायची. आणि बसताना, मी पाहिलंय, भिंतीला हात लावायची.

मामा दुर्गहून आला तेव्हा खिडकीबाहेरच त्यांचं वाजलं. मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, तू पान खायला दिलंस? डॉक्टर म्हणतात दोन दिवस वाया गेले. मेली असती पोर तुझ्या शहाणपणाने!"

आई म्हणाली, "हो."

"हो काय हो? तुला कळतंय का काही?"

"कळतंय रे. ओरड तू. ओरडून घे."

मामाचा आवाज मग फुटला. छावणीत ताईला शोधायला तोही दुर्गहून येऊन फिरला होता ना. दोघं बहीण-भाऊ मग त्या रोपाशी बसून राहिले. मामाने जाताना आपला कोट तिच्या अंगावर टाकला.

घरीदारीही निस्तरायचं बरंच होतं. माझी अंथरुणं-पांघरुणं जाळली, खोलीत चुना मारला, बायकांनी शिवायला टाकलेले कपडे परत नेले. एक काशीमावशी तेवढी मुद्दाम आपले दोन ब्लाउज घेऊन आली, चांगले नवे, उसवून पुन्हा शिवायला. आई म्हणाली, हे तर ठीक आहेत. मावशी म्हणाली, "असू द्या नं. मले ढिल्ले होऊन राहिले." ती उपास करून बारीक होणाऱ्यातली नव्हती. कुणी आजारी पडलं आणि त्या घराला काय मदत करावी असा प्रश्न पडला, तर मला अजून ते ब्लाउज आठवतात.

घरी

मला सोडलं तेव्हा थंडी संपत आली होती. उभं राहिलं की पाय लटपटायचे. दाईने मला दारापर्यंत आणलं आणि आईच्या हातात हात दिला. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. आईने तिला काहीतरी द्यायला पदराची गाठ सोडली, तर दाईने ती गाठ स्वतःच पुन्हा बांधून दिली. मग आई खाली वाकली आणि त्या बाईच्या पायांना हात लावला. दाई "हाय राम" म्हणत मागे सरली.

चार दिवसांनी दुपारची गोष्ट. मी खाटेवर होते, आई मशीनवर. मी स्वतःच्या हाताने पेल्यातून पाणी प्यायले, सरळ, नाकातून एक थेंबही न येता. आई बघत होती. तिने हाताने चाक थांबवलं. दाराकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"ती बाई कापसाने ओठ ओले करायची तुझे," ती म्हणाली. "मी बघायचे जाळीतून."

"हो."

"मी नसताना पण करायची?"

"करे ना. सकाळी करे, रात्री करे. मी मागितलं नाही तरी."

"आणि बाकीच्या मुलांना?"

"सगळ्यायले. ज्याचं कोणी जाळीपाशी येत नव्हतं, त्याच्यापाशी तं जास्त वेळ बसे."

मशीनवर कुणाचातरी अर्धा शिवलेला फ्रॉक होता, त्याची कड ती बोटांनी सपाट करत होती. मला वाटलं बोलणं संपलं. मग अगदी हळू आवाजात, जणू मी मोठी आणि ती लहान, तिने विचारलं, "त्या तंबूतही कुणीतरी असेल ना गं? अशी?"

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं तिला काय दिसत होतं. ताई मेली की जिवंत आहे, हे नव्हतं तिच्या डोळ्यांसमोर. काळोख, कापड, आणि पाणी मागणारी एकटी पोर, जिला पाणी द्यायला कुणी नाही. दाराकडे ती त्या हाकेसाठी बघायची.

जगात तिला सांगू शकणारी मी एकटीच होते. मी आत जाऊन परत आले होते.

"असते आई," मी म्हटलं. "आत कोणी ना कोणी असतेच. ताईचे ओठ ओले केले असन तिने. माहे केले तसेच."

"नक्की?"

"मी पाहिलं ना."

आईने फ्रॉक बाजूला ठेवला. मशीनच्या फळीवर डोकं टेकलं आणि "शालू गेली गं माझी" म्हणून रडली. गेली हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. पुष्कळ वेळ रडली. काशीमावशी दारात आली, बघितलं, आणि दार बाहेरून हलकेच ओढून घेऊन परत गेली.

मी उठले. पाय लटपटत होते, तरी माठापर्यंत गेले, पेला भरला आणि आईच्या तोंडाला लावला.